सही न करणारे नागसेनआबा

तळेगाव ढमढेऱ्याच्या पल्याडच्या वाडीत नागसेनआबांना कुणी काही बोललं तरी ते हसून सोडून द्यायचे. फक्त चिमणीचं नाव काढायचं नाही. बत्तीस वर्षं त्यांनी विदर्भातल्या औष्णिक वीज केंद्रात, धुराच्या चिमणीखाली, बॉयलरवर काढली होती. पावसाळ्यात कोळसा भिजून त्याचा चिखल व्हायचा, कोळशाच्या कोठीच्या, म्हणजे बंकरच्या तोंडाशी बसायचा, मग घण घेऊन बाहेरून पत्रा बडवायचा. भिंतीवरच्या मीटरवर सगळ्यांचा डोळा. काटा पन्नासावर पाहिजे, म्हणजे विजेचे सेकंदाला पन्नास ठोके. दिवेलागणीला अख्खा देश बटणं दाबायचा, काटा खाली घसरू बघायचा, की इकडं आगीत कोळसा वाढवायचा. “तिकडं काश्मीर, इकडं कन्याकुमारी, आन् मधी आमचा घण,” असं आबा सांगायचे. निम्मं सोडून द्या, उरलेलं खरंच होतं.

तर वाडीच्या पाण्याच्या विहिरीवर गेल्या साली सौर पॅनेल बसली. बिल शून्यावर आलं. पाणी समितीचे अध्यक्ष जयसिंगराव हरखले. त्यांनी टूम काढली, की आता विहिरीवरची विजेची तारच तोडून टाकू, कोळशाची वीज नको म्हणणारी तालुक्यातली पहिली वाडी आपली.

भर दुपारी विहिरीवरच सभा भरली. आता आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊकच. ठरावाच्या वहीत ‘सर्वानुमते मंजूर’ आधी लिहायचं, सभा मागून घ्यायची. समितीच्या सचिव शितलताईंनी तसं लिहूनच आणलं होतं. सगळ्यांच्या सह्या झाल्या. वही आबांपुढं आली, तशी त्यांनी ती मिटून ठेवली.

“मी सही करणार न्हाई.”

जयसिंगराव हसले. “आबा, तुमच्या चिमणीचं दुकान बसतंय म्हणून रडताय व्हय?”

पाण्याला आलेल्या बायाही हसल्या. आबा उठले.

“सूर्याशी माझं वैर न्हाई, जयसिंगराव. राख मी खाल्लीय, तुम्ही न्हाई. तिचा त्रास मला शिकवू नका. तार तोडायची घाई कशाला? नुसता तारेचा मेन स्विच पाडा. मोटर चालली तर दोन सह्या करतो.”

माथ्यावर ऊन असं तळपत होतं, की पॅनेलला हात लावला तर फोड यावा. वायरमन दत्ता म्हणाला, त्यात काय, आणि त्यानं स्विच खाली ओढला.

मोटर बंद पडली. पाइपातली धार बारीक झाली, करंगळीएवढी झाली, थांबली. जयसिंगरावांनी सूर्याकडं पाहिलं, तो जागेवरच होता. त्यांनी ठेकेदाराला फोन लावला. तिकडून उत्तर आलं, की हा संच तारेच्या जोडीनंच चालतो. लाइन गेली की आपोआप बंद होतो, नाहीतर खांबावर चढलेल्या माणसाला शॉक बसेल. एवढं सांगायला कुणी विचारलंच नव्हतं म्हणे.

रांगेत पुढं असलेल्या मुक्ताबाईंचा हंडा अर्धाच भरला होता. त्या म्हणाल्या, “आता तरी स्विच वर करा की.”

दत्ता पुढं झाला, पण आबा स्विचच्या पेटीला पाठ लावून उभे.

“आधी वही.”

“आबा, वहीत ‘सर्वानुमते’ लिहून झालंय,” जयसिंगराव हळू आवाजात म्हणाले. “खाडाखोड बरी दिसत न्हाई.”

“दिसू द्या. कोळसा जायला पायजे, मलाबी कळतंय. पर रातच्याला भार उचलणारं दुसरं कुणी आधी उभं करा, मग घालवा. तवर आमची पोरं आगीपुढं उभी हायेत. त्यांना हसायचं, आन् त्यांच्याच विजेवर रातचं दळण दळायचं, हे माझ्या सहीनं होणार न्हाई.”

रिकामे हंडे रांगेत होते. कुणी घाई केली नाही. शितलताईंनी ‘सर्वानुमते’वर आडवी रेघ मारली आणि विचारलं, विरोधाचं कारण काय लिहू?

“लिहा, पाणी थांबलं,” आबा म्हणाले आणि पेटीपासून बाजूला झाले.