चहातला चिवडा

चहात चिवडा टाकला, की त्याच्या गोडसर तेलकट वासाबरोबर मला मांजर्लीचा चिखल आठवतो. मी ब्लॉग लिहायचे तेव्हा आम्हा ब्लॉगवाल्यांत खो चालायचा: स्वतःबद्दलच्या फुटकळ गोष्टी लिहायच्या आणि पुढच्याला खो द्यायचा. मी लिहिलं, चहात चिवडा भिजवून खाते, घरचे हसतात. टोपणनावाने लिहिणाऱ्या एका बाईंची लगेच कमेंट आली, "अगं, मीपण! माझ्यासारखी पालीलाही घाबरतेस का?" घाबरायचेच. त्या बदलापूरला, मांजर्लीत तळमजल्यावर राहायच्या, मी अंबरनाथला. भेटू भेटू म्हणत राहिलो. मग एका पावसाळ्यात नदी मांजर्लीत शिरली आणि त्यांचा ब्लॉग गप्प झाला. पाणी ओसरल्यावर मी गेले. गल्लीभर ओल्या गाद्या, कुजक्या तांदळाचा वास, भिंतींवर छातीएवढ्या उंचीवर चिखलाची रेघ. एका सोसायटीच्या वॉचमनने विचारलं, "मॅडम, नाम क्या है उनका?" खरं नाव मी कधी विचारलंच नव्हतं. चहात चिवडा खातात, पालीला घाबरतात, एवढंच तर मला ठाऊक होतं! त्यांचा ब्लॉग अजून उघडतो. शेवटच्या नोंदीत त्यांनी मलाच खो दिलाय. खो मिळाला की उठून धावायचं असतं. पण धावू कुठे?