समोरून येणारी माणसं

इटली हा देश युरोपात आहे असं भूगोलाच्या पुस्तकात छापलेलं असलं, तरी गेल्या हिवाळ्यापर्यंत तो जयपूरच्या मालवीय नगरात आमच्या वरच्या मजल्यावर होता, याबद्दल आमच्या घरात दुमत नाही. तिथे आमचे वरचे काका राहायचे. मूळचे सांगलीचे. इथल्या विश्वकर्मा औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात संगमरवर कापायच्या यंत्रांवर इंजिनिअर होते. कंपनीने यंत्रं समजून घ्यायला त्यांना काही वर्षं वेरोनाला धाडलं. यंत्रं ते शिकले असतीलच, पण त्याविषयी मी त्यांच्या तोंडून कधी अवाक्षर ऐकलं नाही. त्यांनी आणल्या त्या तिथल्या माणसांच्या सवयी, आणि त्या जयपुरात इतक्या निष्ठेने पाळल्या की वेरोनाकरांनाही संकोच वाटावा.

मी विमा कंपनीच्या नोकरीत बदली होऊन इथे आलो, त्या दिवशी काका स्वागताला खाली उतरले. मे महिना, आणि गळ्यात मफलर. मला वाटलं, घसा धरलाय. तसं नव्हतं. मानेला वारा लागला की माणूस कामातून जातो, हे म्हणे इटलीत शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. त्यामुळे काकांच्या घरातला कूलर भिंतीकडे तोंड करून उभा असे. भिंत गारेगार आणि काका-काकू घामाघूम. कॉफीचं प्रकरण आणखी वेगळं. अकराच्या पुढे दुधाची कॉफी पिणं हा तिकडे अडाणीपणा. माझ्या बायकोने एकदा दुपारी चारला कॉफी पुढे केली, तर चपला घालून देवघरात शिरलेल्या माणसाकडे बघावं तसं काकांनी तिच्याकडे बघितलं. मग म्हणाले, "चहा टाक थोडा. चहाबद्दल त्या लोकांचं काही म्हणणं नाही." राजा पार्कच्या बाजारात फळं घ्यायला गेले की हात मागे बांधून उभे राहत, कारण तिकडे गिऱ्हाईक फळाला उघडा हात लावत नाही. "भैया, आप ही चुन दीजिए." असं गिऱ्हाईक फळवाल्याने जन्मात पाहिलं नव्हतं. त्याने मनापासून निवडून दिलेले पिचके पेरू काका घरी आणत आणि काकू काही न बोलता त्यांची भाजी करत.

काकूंचं हे न बोलणं काकांना फार लागायचं. कारण वेरोनातल्या काकू त्यांनी पाहिल्या होत्या. तिथे संध्याकाळी सहाला सगळं गाव नटूनथटून एकाच रस्त्यावर इकडून तिकडे हिंडतं. व्यायाम म्हणून नव्हे, नुसतं एकमेकांना भेटायला. तिथल्या म्हाताऱ्या बायका काकूंना अडवायच्या, इरकलीचा काठ हातात घ्यायच्या आणि इटालियनमध्ये बोलत सुटायच्या. काकू सांगलीच्या मराठीत उत्तरं द्यायच्या. कुणाला काही कळत नसे आणि कुणाचं काही अडत नसे. जयपूरला परतल्यावर मात्र कोपऱ्यावरच्या घरातल्या भाभीजी एकदा काकूंच्या हिंदीला हसल्या. काकूंनी दार लावून घेतलं ते घेतलंच. मुलगा पुण्यात. दिवसभर सोबतीला तो कूलर, तोही पाठमोरा.

म्हणून काका रोज सहाला इस्त्रीचा शर्ट आणि चकचकीत बूट घालून गल्लीत उतरत. आमच्या गल्लीतली माणसं चालतात ती साखर कमी करायला, ट्रॅकपँट घालून, मनगटावरच्या घड्याळाकडे बघत. काका त्यांच्यापुढे उभे राहून तब्येत, मुलंबाळं, कालचं जेवण अशी सविस्तर चौकशी करत. लोक जागच्या जागी पाय हलवत उत्तरं देत. माझ्या मुलीने एकदा विचारलं, "काका, मतलब, तुम्ही रोज कुणाला भेटायला जाता?" काकांनी वर बाल्कनीकडे पाहिलं. तिथे काकू उभ्या होत्या. "हिला दाखवतो, की भेटलं तर काही होत नाही," ते म्हणाले. काकूंचं उत्तर ठरलेलं असे, "मी नटून उतरले तर लोक विचारतील, कुणाचं लग्न आहे. काय सांगू? आणि तेही हिंदीत."

मुलाने दोघांना पुण्याला न्यायचं ठरवलं. निघायच्या आदल्या संध्याकाळी काय वाटलं कोण जाणे, काकू इरकल नेसून, अंबाडा घालून जिना उतरल्या. मागून उतरणाऱ्या काकांनी माझ्या खिडकीतून, बघ, उतरली, अशी जी खूण केली ती मी विसरणार नाही. गल्लीत चिटपाखरू नव्हतं, त्या दिवशी क्रिकेटची मॅच होती. कुणीच भेटलं नाही तर काकू परत वर जातील, आणि पुण्यातही दार लावूनच बसतील. मी बायकोला आणि मुलीला म्हटलं, चांगले कपडे घाला, खाली चला. "कुठे?" बायको म्हणाली. "गल्लीत," मी म्हणालो.

आम्ही उतरतो तोवर समोरून भाभीजीच आल्या, त्याच कोपऱ्यावरच्या. जागच्या जागी पाय हलवत त्या काकूंना म्हणाल्या, "अरे भाभीजी, इतनी सुंदर साड़ी! किसके यहाँ शादी है?"

काकांचा हात मफलरवर गेला. काकू म्हणाल्या, "शादी नहीं है. आपको मिलने को निकली."

भाभीजींचे हलणारे पाय थांबले. या वेळी त्या हसल्या नाहीत. त्यांनी पुढे होऊन इरकलीचा काठ हातात घेतला. मग दोघी ज्या बोलत उभ्या राहिल्या, त्या थेट रस्त्यावरचे दिवे लागेपर्यंत. आमचे चांगले कपडे वाया गेले.

परवा पुण्याहून काकांचा फोन आला. तक्रारच होती. "अरे, इथे सोसायटीत चालायला गोल रस्ता केलाय. सगळे एकाच दिशेने चालतात. समोरून कुणी येतच नाही, तर भेटायचं कसं?"

"मग?"

"मग आम्ही दोघं उलटे चालतो. वॉचमन रोज अडवतो. ही रोज त्याच्याशी गप्पा मारत उभी राहते."

वरचा मजला अजून रिकामाच आहे. सहा वाजले की मी इस्त्रीचा शर्ट घालतो, आणि कुठे निघालात असं बायको आता विचारत नाही. काकांची फार आठवण येते. समोरून ट्रॅकपँटी येतात, एखादी थांबतेही. पण मेच्या उन्हात मफलर गुंडाळून समोरून कुणी येत नाही.