मामाच्या छातीतला ट्रान्झिस्टर

माझ्या मामाचं ट्रान्झिस्टरशी वैर होतं आणि ते त्याने हयातभर नेटाने निभावलं. धंदा रेडिओ दुरुस्तीचा, त्यामुळे दुकानात ट्रान्झिस्टर हाताळावे लागत. तेवढ्यापुरता तो त्यांच्याशी नावडत्या पाहुण्यासारखा वागे. अंगणापलीकडच्या त्याच्या खोलीत मात्र फक्त व्हॉल्व्ह. वाटाण्याएवढा ट्रान्झिस्टर येण्याआधी रेडिओत त्याचं काम करणाऱ्या काचेच्या नळ्या, तापल्या की आत तांबूस उजेड.

तिथे त्याने ठिणग्या पाडायचं एक यंत्र बांधलं होतं. हजारो व्होल्ट, हातभर जांभळी ठिणगी, उपयोग शून्य. मी मोबाईल दुरुस्त करते, म्हणजे माझं पोटच ट्रान्झिस्टरवर, त्यामुळे आमची जुंपायचीच.

"ट्रान्झिस्टर लावले तर हे सगळं डब्यात मावेल," मी एकदा म्हटलं.

त्याने लावू दिले. पहिल्याच ठिणगीला ते बसल्या जागी गेले. धूर नाही, आवाज नाही. मामाने सुतकी चेहरा केला, मग चहा मागितला.

"व्हॉल्व्ह आधी फिका पडतो, कुरकुरतो, मग जातो," तो म्हणाला. "याने निरोपसुद्धा घेतला नाही बघ."

मग मामाला चक्कर यायला लागली. तो जिन्यात मधेच बसायचा आणि जिना उंच झालाय म्हणायचा. डॉक्टरीणबाईंनी तपासण्या केल्या. हृदयाचे व्हॉल्व्ह उत्तम आहेत, म्हणाल्या. मामाला त्यात काही नवल वाटलं नाही. पण ठोके फार मंद होते, मधेच थांबत होते. पेसमेकर बसवला नाही, तर एखाद्या दिवशी ते पुन्हा सुरूच होणार नव्हते.

"आत काय असतं त्याच्या?" मामाने विचारलं.

बाईंनी बिचाऱ्यांनी खरं ते सांगितलं. मामाने चपला घातल्या आणि सरळ घरी आला.

मी भांडले, रडले. माझा संताप झाला होता आणि भीती त्याहून जास्त वाटत होती. "छातीत ट्रान्झिस्टर घेऊन मी जगणार नाही," हा त्याचा हेका. मामी भाजी निवडत ऐकत होती.

"अहो, गिऱ्हाइकाचा व्हॉल्व्ह फिका पडला की काय करता?" तिने विचारलं.

"बदलतो. बंद पडायची वाट कशाला बघायची?"

"मग तुम्ही कधीचे फिके पडलाय. भांडताना दम लागून मधेच थांबता. हल्ली मीच जिंकते. मला नकोय ते."

मामाने तिच्यापुढची एक जुडी ओढून निवडायला घेतली. मग म्हणाला, "चल, कधी जायचं?"

पेसमेकर बसला. बाईंनी त्याला ठिणगीच्या यंत्राजवळ फिरकायला बंदी घातली. ट्रान्झिस्टर ठिणगीपुढे टिकत नाही हे डॉक्टरांनीही मान्य केलं, असं मामा भेटेल त्याला सांगत सुटला. यंत्र मात्र धूळ खात पडलं आणि मामा घरात येरझाऱ्या घालू लागला.

शेवटी मामीनेच कंबर कसली. केर काढण्यापलीकडे त्या खोलीशी तिचा संबंध नव्हता. मामाला तिने अंगणाच्या दुसऱ्या टोकाला खुर्चीत बसवलं, खोलीचं दार सताड उघडलं.

"कुठलं बटण?" ती ओरडली.

"लाल. उजव्या हाताने दाब. डावा पाठीमागे धर! दोन्ही हात लागले तर करंट काळजातून जातो."

"आणि तुम्ही इतकी वर्षं हेच करत होता?"

"हो."

मामीने त्याच्याकडे एकदा रोखून पाहिलं, डावा हात पाठीमागे नेला आणि बटण दाबलं. व्हॉल्व्ह तापले, ठिणगी कडाडली. मी टाळ्या वाजवल्या. मामाने ठिणगी पाहिलीच नाही. मामीचा डावा हात जागेवर आहे ना, एवढंच तो बघत होता.