सहलीहून आलेलं मत

“मॅडम, पायाचं नंतर बघू. दुपारी मीटिंगला बसवता येईल का, तेवढं आधी सांगा.”

हे विचारणारे रंगनाथ नाना होते आणि त्यांच्यासमोर स्ट्रेचरवर किसन आप्पा झोपले होते. आप्पांचा उजवा पाय घोट्यापासून बाहेरच्या बाजूला वळला होता. माणूस पाठीवर झोपला की पायाचा अंगठा वर छताकडे असतो. आप्पांचा अंगठा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे होता. हनुवटी सोललेली, कपाळ सोललेलं, अर्ध्या तोंडाला वाळू चिकटलेली. बाहेर एक ट्रॅव्हलर उभी होती आणि तिच्यातून आणखी पाच माणसं एकेक करून उतरत होती. सगळ्यांच्या अंगात फुलाफुलांचे शर्ट आणि सगळ्यांच्या डोक्यावर पांढरी टोपी.

शिरूरला माझं छोटं ऑर्थोपेडिक हॉस्पिटल आहे. ऑर्थोपेडिक म्हणजे हाडांचं. कारेगावच्या कंपन्यांमधली चेंगरलेली बोटं, उसाच्या ट्रॉलीवरून पडलेली माणसं, दौंड रस्त्यावर रोज कुणीतरी कुणालातरी ठोकतो ती गिऱ्हाइकं, हे माझं नेहमीचं काम. बाई हाडं बसवते याची तालुक्याला आता सवय झाली आहे, तरी नानांनी आल्या आल्या “साहेब कुठं गेलेत?” असं विचारलंच. साहेब दातांचे डॉक्टर आहेत, असं मी त्यांना सांगितलं.

काय झालं, हे कुणीच नीट सांगेना. एक म्हणाला, शेतात बांधावरून पडले. दुसरा म्हणाला, बाथरूममध्ये घसरले. मी तोंडावरची वाळू दाखवली आणि तुमच्या शेताला समुद्र कधी लागला, असं विचारलं. मग नानांनी दार लोटून घेतलं आणि खरं काय ते सांगितलं.

त्यांच्या गावच्या सोसायटीच्या चेअरमनची निवड त्याच दुपारी होती. सोसायटी म्हणजे गावात पीककर्ज वाटणारी सहकारी संस्था. गावाचं नाव मी लिहीत नाही, कारण दोन्ही पॅनेलांची हाडं माझ्याकडेच येतात. संचालक तेरा. नानांकडे सात, विरोधी भाऊसाहेबांकडे सहा. एक जरी इकडचा तिकडे झाला तरी खेळ खलास. अशा वेळी आमच्याकडे एक रीत आहे. ज्याच्याकडे बहुमत असतं तो आपले संचालक गाडीत घालतो आणि सहलीला नेतो. निवडीच्या दिवशी गाडी थेट मीटिंगच्या दारात आणायची. तोवर मोबाईल एका पिशवीत आणि पिशवी पॅनेलप्रमुखाच्या उशाखाली. लोकशाहीचा हा भाग शाळेच्या पुस्तकात नसतो.

नानांनी कोकणातला किनारा निवडला होता. परत निघायच्या दिवशी पहाटे मंडळींना वाटलं, एवढं आलोय तर किनाऱ्याच्या रस्त्यानं स्कूटरवरून एक चक्कर मारू. लॉजच्या शेजारीच एकजण स्कूटर भाड्यानं देत होता. त्यानं हेल्मेट दिलं नाही. डिपॉझिट म्हणून आप्पांचं आधार कार्ड आणि लायसन मात्र ठेवून घेतलं. गाडीची पाटी पांढरी होती. भाड्याच्या स्कूटरला काळी पाटी आणि पिवळे आकडे लागतात. पांढरी पाटी म्हणजे कुणाची तरी घरची गाडी. अशा गाडीवरून पडलात तर विमा कंपनी हात वर करते आणि गाडीवाला गाडीची भरपाई तुमच्याकडूनच मागायला लागतो. हे मी आता सांगते आहे. तेव्हा तिथे सांगायला कुणी नव्हतं.

आप्पांनी जन्मभर गिअरची मोटारसायकल चालवली होती. मोटारसायकलला डाव्या हाताशी क्लच असतो आणि उजव्या पायाखाली ब्रेक. बिनगिअरच्या स्कूटरला दोन्ही ब्रेक हातात. पायाखाली नुसती पत्र्याची फळी. ही गोष्ट आप्पांना ठाऊक नव्हती असं नाही, पण ती त्यांच्या पायाला ठाऊक नव्हती. किनाऱ्याकडे उतरताना समोर एक कुत्रं आलं. आप्पांनी जीव खाऊन उजवा पाय दाबला. फळीला काय होणार! मागे बसलेले नाना ओरडले, “आप्पा, ब्रेक मारा की.” आप्पा म्हणाले, “मारलाय.” मग क्लच समजून त्यांनी डावा दांडा करकचून ओढला. तो मागचा ब्रेक. वाळूवर चाक फिरलं, आप्पांनी तोल सावरायला पाय खाली टेकला आणि स्कूटर त्या पायावर आडवी झाली. नाना आप्पांवर पडले, त्यामुळे नानांना काही लागलं नाही. उठल्यावर त्यांनी पहिली चौकशी केली ती कुणी व्हिडिओ काढला का याची.

तिथल्या डॉक्टरनं सांगितलं होतं, ताबडतोब मोठ्या दवाखान्यात न्या. नानांनी ऐकलं नाही. दवाखान्यात ॲडमिट केलं म्हणजे बातमी फुटणार, बातमी फुटली म्हणजे माणूस फुटणार. पायाला टॉवेल गुंडाळून आप्पांना मागच्या सीटवर टाकलं आणि गाडी घाट चढली. वाटेत मिसळ खायला थांबले तेव्हा आप्पांना गाडीतच ठेवलं, कुणी ओळखीचं भेटू नये म्हणून.

एक्सरेत घोट्याच्या दोन्ही बाजूंची हाडं मोडलेली दिसली आणि सांधा जागेवरून निसटलेला. पण मला भीती मोडलेल्या हाडाची नव्हती. हाडाचं टोक आतून कातडीला टेकलं होतं आणि तेवढी जागा पांढरी पडली होती. पांढरी याचा अर्थ तिथे रक्त पोहोचत नाही. अशी कातडी मरते, मग जखम उघडी पडते, हाडात पू होतो आणि त्यानंतर पाय ठेवायचा की काढायचा अशी बोलणी सुरू होतात. मी नानांना म्हटलं, सांधा आत्ताच्या आत्ता जागेवर बसवायचा, मीटिंग वगैरे मला सांगू नका.

“भूल देणार का?”

“द्यावी लागेल.”

“मग जमायचं न्हाई मॅडम. भाऊसाहेब लगेच हरकत घेणार, मत देताना माणूस शुद्धीत नव्हता म्हणून. तुम्ही दुखायचं एक इंजेक्शन द्या, मत झालं की आणून सोडतो तुमच्याकडं. मग चार दिवस ठेवा.”

मला राग लवकर येतो, हे माझ्या सिस्टरला माहीत आहे. ती माझ्याकडे बघत ट्रे घेऊन दोन पावलं मागे सरकली. मी नानांशी बोलायचं सोडून दिलं आणि आप्पांकडे वळले. त्यांना पांढरी जागा दाखवली, पाय जाऊ शकतो हे साध्या शब्दांत सांगितलं. आप्पांनी एकदा पायाकडे पाहिलं, एकदा नानांकडे. नाना म्हणाले, “आप्पा, तुमच्या एका मतावर गाव हाय.” आप्पांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते दुखण्याचंच होतं असं मला वाटलं नाही.

मी मधला रस्ता काढला. सांध्यातच सुन्न करायचं इंजेक्शन देता येतं. माणूस जागा राहतो, दुखतं, पण सोसता येतं. ह्याला नानांची हरकत नव्हती, कारण सोसायचं आप्पांना होतं. सिस्टरनं गुडघा वाकवून मांडी धरली, मी टाच धरली आणि ओढली. आप्पांनी त्या वेळी नानांच्या घराण्याबद्दल जे सांगितलं ते इथे लिहीत नाही. खट् असा आवाज आला, अंगठा कॅलेंडर सोडून छताकडे आला आणि थोड्या वेळानं पांढऱ्या जागेवर हळूहळू गुलाबी रंग चढला. इतकी वर्षं हे काम करते, तरी तो रंग बघितला की मला बरं वाटतं.

पायाला मागून प्लास्टरची अर्धी पट्टी बांधली, तिला स्लॅब म्हणतात. ऑपरेशन सूज उतरल्यावरच करता येणार होतं. म्हणजे ती दुपार तशी मोकळी होती. मी म्हटलं, मीटिंगला न्या, पण माझ्या ॲम्ब्युलन्समधून, पाय उशीवर उंच ठेवून, आणि मी बरोबर येणार. आणि घरच्या माणसाला आधी बोलवा.

नानांचा चेहरा पडला. “घरी नका कळवू. आप्पांची मंडळी म्हंजी भाऊसाहेबांची सख्खी बहीण.”

गावातल्या गावात सोयरीक झाली की अशी पंचाईत होते. विरोधी पॅनेलचा प्रमुख आप्पांचा मेहुणा होता. मी आप्पांना विचारलं. “बोलवा तिला,” एवढंच ते म्हणाले. नंबर त्यांना पाठ होता.

आप्पांच्या बायको शकूबाई शेजाऱ्याच्या जीपमधून आल्या. रडल्या नाहीत. आप्पांच्या तोंडावरची वाळू पदरानं पुसली आणि नानांना विचारलं, कोकणात दवाखाने नसतात का? नानांनी ट्रॅव्हलरमध्ये जाऊन बसणं पसंत केलं. मी आप्पांच्या कपाळाला आणि हनुवटीला पट्ट्या बांधल्या आणि आम्ही निघालो.

सोसायटीच्या ऑफिसात स्ट्रेचर आत न्यायला दोन कपाटं हलवावी लागली. मीटिंग चालवायला सहकार खात्याचे एक तरुण अधिकारी आले होते. ते या भागात नवीन होते आणि समोर आडवा संचालक पाहून जरा बिचकलेच. गुप्त मतदान ठरलं. तेवढ्यात भाऊसाहेब उठले.

“हरकत हाय साहेब. तोंड बांधून आणलेला माणूस कोण, ते आमी कसं मानायचं? ओळखपत्र दाखवा.”

आप्पांनी खिसा चाचपला. आधार कार्ड आणि लायसन कोकणात स्कूटरवाल्याच्या गल्ल्यात. अधिकाऱ्यांनी मला पट्टी काढायला सांगितली. मी काढली, पण त्यानं काम सोपं झालं नाही. एव्हाना सूज इतकी चढली होती की एक डोळा मिटला होता आणि आप्पा आप्पांसारखे अजिबात दिसत नव्हते. अधिकारी कपाळ पुसत म्हणाले, विरोधी गटानं ओळख पटवली तर मत घेता येईल. मग त्यांनी भाऊसाहेबांना सरळच विचारलं, या गृहस्थांना तुम्ही ओळखता का?

भाऊसाहेबांनी स्ट्रेचरकडे नीट निरखून पाहिलं. “न्हाई वळखत.”

शकूबाई दारात उभ्या होत्या. आवाज न चढवता त्या म्हणाल्या, “दादा, ह्यांना वळखत न्हाईस व्हय? मग माझं लगीन कुणाशी लावून दिलं व्हतंस?”

आधी बाहेरची माणसं हसली, मग आतले संचालक. आप्पाही हसले आणि हनुवटी दुखली म्हणून कळवळले. भाऊसाहेब बराच वेळ टोपी सारखी करत राहिले. “बरं, घ्या मत,” असं म्हणून ते खाली बसले. अधिकाऱ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. आप्पांना चिठ्ठी दिली, मी पाठ फिरवली, त्यांनी झोपल्या झोपल्या खूण केली.

नानांनी फटाक्यांची माळ आधीच दारात मांडून ठेवली होती. चिठ्ठ्या मोजल्या. सात विरुद्ध सहा. भाऊसाहेब चेअरमन.

अधिकाऱ्यांनी परत मोजलं. तेच. मग नाना आपल्या माणसांकडे एकेक करून बघायला लागले. फुलाफुलांच्या शर्टातली पाची माणसं एकमेकांकडे बघत होती. स्ट्रेचरकडे कुणीच बघितलं नाही. जो माणूस मतासाठी मोडका पाय घेऊन घाट चढला त्याच्यावर कोण संशय घेणार? माळ भाऊसाहेबांच्या पोरांनी लावली. मी पेशंट घेऊन शिरूरला परत आले.

सूज उतरल्यावर ऑपरेशन केलं. प्लेट बसवली, स्क्रू बसवले, कातडी वाचली. आप्पा आधी वॉकरवर, मग काठीवर, मग नुसते चालत तपासणीला आले. त्या दिवशी मी त्यांना चालवून पाहिलं आणि पाय छान झाला म्हणून सांगितलं. बाहेर कुणी नाही असं बघून आप्पा खुर्ची पुढे ओढून बसले.

“मॅडम, तुम्ही त्या दिवशी पाठ फिरवली, म्हणून तुम्हाला सांगतो. नाना माझा दोस्त. पण पाय जाईल म्हणून तुम्ही सांगितलं, तवा तो घड्याळ बघत व्हता. पाय माझा व्हता मॅडम. मत बी माझंच व्हतं.”

म्हणजे आप्पांचं मत बाद झालं असतं तर सहा-सहा अशी बरोबरी होऊन चिठ्ठी उचलून चेअरमन ठरवायची वेळ आली असती. भाऊसाहेबांनी ज्या मतावर हरकत घेतली, सख्खा मेहुणा नाकारला, त्याच मतानं ते चेअरमन झाले. मी हे कुणालाही सांगितलं नाही. डॉक्टरांच्या पोटात बऱ्याच गोष्टी राहतात. पण आता त्या मंडळाची मुदत संपली आहे आणि मध्यंतरी एका लग्नाच्या पंगतीत आप्पांनीच ही गोष्ट सगळ्यांना मोठ्यानं सांगून टाकली. नाना तिथेच वाढत होते.

सुट्टीवर स्कूटर भाड्यानं घेणाऱ्या पेशंटना मी सांगते, की पाटी बघा, हेल्मेट मागा, मूळ ओळखपत्र हातचं सोडू नका आणि सवय नसली तर रिक्षा करा. पॅनेलप्रमुख विचारायला येत नाहीत. आलेच तर सांगेन, संचालक पडला तर वाटेत मिसळ खाऊ नका.