बझरवरचे स्टिकर

रबाळ्याच्या आमच्या कारखान्यात इलेक्ट्रॉनिक बोर्ड बनतात. दवाखान्यात पेशंटच्या उशाशी नर्सला बोलवायची बेल असते ना, तिच्या आतले. सोल्डरिंग झालं की बोर्डावर फ्लक्सचा चिकट थर राहतो, काकवी सांडून वाळावी तसा. तो नीट निघाला नाही तर आपल्या खाडीच्या दमट हवेत हळूहळू गंज धरतो आणि बेल बंद पडते. तो काढायचं काम आम्हा चार-पाच बायकांच्या टेबलाचं. हातात ब्रश, पुढ्यात सॉल्व्हंटची वाटी, आणि दिवसभर नाकात त्याचा वास.

त्या टेबलावर मी सगळ्यांत नवी आणि मावशी सगळ्यांत जुन्या. मावशी करावे गावच्या, घरची मासेमारी खाडीत. त्यांनी घासलेला बोर्ड भिंगाखाली धरला तरी डाग सापडायचा नाही, आणि हे त्या स्वतःच सगळ्यांना सांगायच्या. त्यांच्या ब्रशला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना खपत नसे. मी एकदा चुकून उचलला तर दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी डब्यात सुके बोंबील घेऊन आल्या आणि माझ्या ताटलीत वाढले. तेव्हापासून रोजच काही ना काही वाढायला लागल्या.

मी सांगलीकडची, माशाचं नाव काढलं तरी नाक मुरडणाऱ्या घरातली. लग्न होऊन करंजाड्यात आले. पण मावशींचं कालवण मी निमूट खायचे आणि "छान झालंय" म्हणायचे. त्यात माझा मोठेपणा काही नव्हता. सॉल्व्हंटच्या वासानं आधी माझं डोकं धरायचं, मग जेवणाची चव गेली, मग वास येणंच बंद झालं. एका सकाळी गॅसवर दूध करपून काळं झालं आणि मी ओट्याला टेकून शेजारीच उभी होते. डॉक्टरांनी सरळ सांगितलं, हे काम बदला. साहेबांना विचारलं तर दुसऱ्या कुठल्या टेबलावर जागा नव्हती. आणि नोकरी सोडणं घरी परवडणारं नव्हतं. मी गोळ्या खाऊन बोर्ड घासत राहिले.

मग गिऱ्हाइकाकडून तक्रार आली की बोर्डांवर पांढरे डाग राहतात. मावशींच्या नव्हे, आमच्यासारख्यांच्या बोर्डांवर. साफसफाईची पद्धतच नव्यानं ठरवायची असं साहेबांनी ठरवलं. न धुता चालणारा फ्लक्स वापरू म्हटलं तर गिऱ्हाईक तयार नव्हतं. उरले दोन मार्ग. एक आमचा ब्रश, दुसरं पाण्याचं मशीन, म्हणजे डिशवॉशरचा थोरला भाऊ. क्षार काढलेल्या पाण्यात बोर्ड धुवायचे आणि भट्टीत वाळवायचे. मशीन ट्रायलला आलं.

"पान्यानं कुटं विजेचं काम होतं, बाय? पोरखेळ हाय सगळा," मावशी म्हणाल्या. मशीनकडे त्या सवतीकडे बघावं तशा बघायच्या. माझा मात्र देवाला नवस बोलायचा तेवढा बाकी होता. मशीन पास झालं तर सॉल्व्हंट जाणार होतं. नापास झालं तर मला जावं लागणार होतं.

ट्रायलचे बोर्ड धुऊन, वाळून टेस्टिंगला आले. दिसायला लखलखीत, पण त्यांच्यावरचे बझर, म्हणजे बेलचा आवाज काढणाऱ्या डब्या, वाजेनात. काही अगदी मुके, काही सर्दी झाल्यासारखे. साहेबांनी पाचसहा बोर्ड लावून बघितले आणि मान हलवली. "पाणी शिरलंय. जाऊ द्या, टेन्शन नको. मशीन परत पाठवतो, आपला ब्रशच बरा."

राजीनाम्यात काय लिहायचं ते मी मनात जुळवायला लागले. मावशी जिंकल्या होत्या आणि मला त्यांचा रागही आला होता.

तेवढ्यात मावशी स्टुलावरून उठल्या. "साहेब, पान्याचा दोष नाय. बझरवरचे स्टिकर मी काढले, धुवायच्या आधी."

प्रत्येक नव्या बझरच्या भोकावर एक छोटा गोल स्टिकर असतो. मावशी तो घासण्याआधीच नखानं काढायच्या. नवं भांडं आणलं की आपण आधी त्याचा स्टिकर काढतो आणि मग ते घासतो, तसंच. ब्रशच्या कामात भोकापर्यंत ओल जायचीच नाही, त्यामुळे इतकी वर्षं काही बिघडलं नव्हतं. ट्रायलच्या बोर्डांचे स्टिकरही त्यांनी सवयीनं काढून टेबलाच्या कडेला ओळीनं चिकटवले होते. साहेबांनी मोबाइलचा कॅमेरा मोठा करून त्यावरची मुंगीएवढी अक्षरं वाचली. धुतल्यावर काढा, असं लिहिलं होतं.

मावशींना सगळ्यांदेखत चांगलंच ऐकून घ्यावं लागलं. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या मुलींसमोर. त्या खाली मान घालून उभ्या राहिल्या. मग दुसरा लॉट स्टिकरसकट धुतला, वाळवला, शेवटी स्टिकर काढले, आणि सगळ्या बझरांनी एकसाथ अशी बोंब मारली की ऑफिसातली माणसं बाहेर आली. मशीन राहिलं. ब्रशचं टेबल मोडलं. मावशींना पॅकिंगला बसवलं.

मला राहवेना. एकदा विचारलंच, "मावशी, तुम्ही गप्प बसला असतात तर तुमचा ब्रश राहिला असता की."

"राहिला असता," त्या खोक्याला टेप लावत म्हणाल्या. "पन तुजं दूध करपलेलं तूच सांगितलंस ना? उद्या गॅस लीक झाला तं तुला कलनार हाय का?"

त्या बाईचे उपकार मी कसे फेडणार होते, कोण जाणे.

मग काही आठवड्यांनी, जेवणाच्या सुट्टीत, मावशींनी नेहमीसारखा डबा उघडला आणि माझ्या नाकात असा काही भपकारा घुसला की मी स्टुलावरून मागे सरकले.

"काय झालं गो?"

"मावशी, बोंबलाचा वास असा असतो?"

"कसा?"

"भयंकर!"

"वरीसभर तं छान छान बोलून खाल्लंस!" त्या चिडून म्हणाल्या. आणि मग त्यांच्या ध्यानात आलं. हातातलं झाकण तसंच धरून त्या माझ्याकडे बघत राहिल्या. माझे डोळे वाहत होते, वासानं की कशानं ते मला सांगता आलं नसतं. मावशींनी माझ्या ताटलीत आणखी दोन तुकडे वाढले.

मी नाक न दाबता सगळे खाल्ले.