बाजूच्या खोलीतला व्हिडिओ

त्या व्हिडिओत जे दिसतं ते सगळं खरं आहे. त्याच्याखाली लिहिलेलं वाक्य खोटं होतं, आणि ते मी लिहिलं होतं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे आडवळणं घ्यायला मला जागा राहणार नाही.

व्हिडिओ माझ्या पुतणीच्या लग्नातला. लग्न इकडे परदेशात, एडिसनजवळच्या एका बँक्वेट हॉलमध्ये झालं. आमच्या घरात मुलीची आई लग्न लागताना बघत नाही. बाकीच्या सगळ्या विधींना ती असते, पण मंगलाष्टकं सुरू झाली की आत निघून जाते. आईची नजर लागते म्हणतात. आता फारसं कुणी पाळत नाही.

माझी आई पुण्यात असते. ऐंशीच्या पुढे वय, गुडघे गेलेले, त्यामुळे नातीच्या लग्नाला येणं शक्य नव्हतं. लग्नाच्या आधी एकदा मी दादाकडे असताना तिचा फोन आला. वहिनींनी स्पीकर लावला.

"अगं, तू बघ हो खुशाल लग्न," आई म्हणाली. "तुझ्या वन्संच्या लग्नात मी आत जाऊन बसले होते. अजून चुटपुट लागते मला त्याची."

"नाही आई. माझ्या आईने माझं नव्हतं बघितलं. मीही नाही बघणार."

"बघ बाई, तुझी मर्जी. मी मात्र बघणार. आजीला बंदी नाहीये. ह्या शहाण्याला सांग, लाइव्ह नीट लाव म्हणावं."

शहाणा म्हणजे मी. मी तिथेच बसून चहा पीत होतो. दोघींचं बोलणं मी कानांनी ऐकलेलं आहे, हे लक्षात असू द्या.

लग्नाच्या दिवशी वहिनीसाठी हॉलशेजारची एक छोटी खोली मिळाली. एरवी तिथे जास्तीच्या खुर्च्या ठेवत असावेत, कारण एका भिंतीला त्या छतापर्यंत रचलेल्या होत्या. एका खुर्चीवर वहिनींनी घरून आणलेली तुळशीची कुंडी ठेवली होती. बायकांना सगळ्यांना मांडवात राहायचं होतं, म्हणून मी म्हटलं, वहिनींजवळ मी थांबतो. माझ्याकडे दोन फोन होते. एकावर लाइव्ह चालू होतं, आईला नीट दिसतंय ना ते बघायला.

भिंतीपलीकडे मंगलाष्टकं सुरू झाली. वहिनी तुळशीकडे तोंड करून उभ्या होत्या, मुठीत अक्षता.

"भाऊजी, आईंना दिसतंय ना?"

"दिसतंय की. हे काय." आणि मी विचार न करता फोन त्यांच्यासमोर धरला.

त्यांनी पटकन डोळे मिटले. मग एक उघडला. "फोनमधलं बघितलेलं चालत असेल, नाही हो?"

"फोनमधलं कुठे मोजतात, वहिनी!"

त्यांनी फोन घेतला आणि कुंडीत तुळशीला टेकवून उभा केला. मी दोन पावलं मागे सरकलो, खिशातला दुसरा फोन काढला आणि त्यांचं शूटिंग सुरू केलं. त्यांना ते कळलं नाही.

लाइव्ह थोडं मागे चालतं. पलीकडे शेवटचं 'सावधान' झालं, सनई वाजली, टाळ्या पडल्या. फोनमध्ये मात्र अंतरपाट अजून धरलेलाच होता. वहिनींनी भिंतीच्या दिशेने हात केला, जणू हॉलभर लोकांना दटावतायत, थांबा, अजून व्हायचंय. ओठ हलत होते. मग फोनमधला अंतरपाट खाली आला आणि त्यांनी मूठभर अक्षता अशा जोरात टाकल्या की फोन कुंडीतल्या मातीत पालथा पडला.

"अगं बाई, पडले दोघं!" त्या म्हणाल्या, आणि हसता हसता रडायला लागल्या.

एवढाच व्हिडिओ. खुर्च्या मध्ये येतात, हात हलतो, वहिनींचं अर्धं डोकं कापलं गेलंय.

मला हौस होती असले व्हिडिओ टाकायची. पिस्कॅटवेच्या आमच्या घरामागे येणारे पक्षी, बर्फ काढतानाची फजिती, असं काहीबाही. बघणारे दहा-पंधरा ओळखीचे. ऑफिसमध्ये मी इतरांची सॉफ्टवेअर तपासतो. माझं काम बरोबर झालं तर कुणाच्या लक्षातही येत नाही. कुणीतरी बघावं, असं मला बऱ्याच वर्षांपासून वाटत होतं. हे कारण आहे, सबब नाही.

लग्नानंतर चार दिवसांनी मी तो व्हिडिओ टाकला. वहिनींना विचारलं नाही. खाली साधंच लिहिलं होतं, माझी वहिनी लेकीचं लग्न फोनवर बघताना. नातेवाइकांनी लाल बदामांची चिन्हं पाठवली आणि विषय संपला.

मग मी लोकांचे लग्नाचे व्हिडिओ बघत सुटलो. कशाने चालतात ते मला कळून घ्यायचं होतं. ड्रोन उडवून केलेल्या फिल्म्स घरचेच बघतात. चालतात ते हललेले, कुठल्या तरी काकांनी काढलेले. पंख्यात अडकलेला नवरदेवाचा फेटा, भाषण विसरलेले वडील, हार घालताना आलेली शिंक. माझी मुलगी फिजिओथेरपिस्ट आहे, तिला मी विचारलं. ती म्हणाली, "बिकॉज दे डोन्ट नो, बाबा. त्यांना माहीत नसतं कोणी बघतंय." ते मला पटलं. पण मी आणखी एक पाहिलं होतं, ते तिला बोललो नाही. ज्यात कुणावर अन्याय झालेला असतो ते सगळ्यात पुढे जातात. लोकांना कुणाची तरी बाजू घ्यायला मिळते.

त्याच संध्याकाळी मी खालचं वाक्य बदलून इंग्रजीत लिहिलं, 'सासूने तिला मुलीचं लग्न बघायला बंदी केली. मग या आईने वाट शोधली.'

मुलीने ते वाचलं आणि थेट फोन केला. "बाबा, दॅट्स नॉट व्हॉट हॅपन्ड."

"अगं, कॅप्शन आहे ते."

"आजी विल बी सो हर्ट."

"आजी कुठे बघतेय इंग्रजी?" मी म्हणालो.

व्हिडिओ चालला. मी मीटिंगमध्ये टेबलाखाली फोन धरून आकडा बघायचो. अनोळखी लोक वहिनींवर जीव टाकत होते. माझ्या आईला मात्र म्हातारी चेटकीण म्हणत होते, आणि त्याहून वाईट बरंच काही. तरी मी खाली खाली वाचत जायचो. वहिनींपर्यंत व्हॉट्सॲपवरून नुसता व्हिडिओ पोचला, वाक्याशिवाय. त्या लाजल्या. "काय हे भाऊजी, माझा अवतार तरी बघायचात!" म्हणाल्या. त्यांना राग आला नाही, याचं मला फार हायसं वाटलं.

मग पुण्यात शेजारच्या मावशींनी आईला एक व्हिडिओ दाखवला. माझाच, पण कुणीतरी उचलून त्यावर मराठीत आवाज चढवला होता. एक बाई रडवेल्या सुरात सांगत होती की या माऊलीला सासूने खोलीत कोंडलं, पोटच्या पोरीचं लग्न बघू दिलं नाही. मी तो नंतर शोधून ऐकला. शब्द तिचे होते, पण गोष्ट माझ्याच वाक्यातून निघालेली होती.

आईने मला फोन केला. आवाज अगदी शांत होता.

"मी कोंडलं का रे तिला?"

"नाही गं आई. लोक काहीही बनवतात."

"लोकांना माझ्याबद्दल कसं कळलं? सासू म्हणून? तिनेच कुठेतरी सांगितलं असेल ना."

तेव्हा सांगायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणालो, "जाऊ दे ना, नको मनाला लावून घेऊ." वहिनींनी सांगितलं नाही, एवढंसुद्धा मी म्हणालो नाही. तसं म्हटलं असतं तर मग कुणी, हा प्रश्न आला असता.

फोन ठेवून मी मूळ व्हिडिओ काढून टाकला. त्याने काही झालं नाही. नकला फिरतच राहिल्या. कुठे गुजराती आवाजात, कुठे नुसत्या बासरीवर. मी रोज शोधायचो, आज किती जागी आहे ते. झोपेत आकडे दिसायचे असं नाही, पण जेवताना घास तोंडात तसाच राहायचा आणि बायको विचारायची, काय झालं. मी म्हणायचो, ऑफिस.

आई आणि वहिनी दर रविवारी बोलतात. इतक्या वर्षांत मी कधी ते बोलणं लवकर संपलेलं बघितलं नव्हतं. लोणच्यापासून कुणाच्या घटस्फोटापर्यंत सगळं व्हायचं. आता आई 'बरं आहे, ठेवते' म्हणू लागली. वहिनींनी हिवाळ्यात दोन महिने पुण्याला जाऊन राहायचं ठरवलं होतं, आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं म्हणून. आईने सांगितलं, "येऊ नकोस. बाई ठेवलीय मी. उगाच तुला त्रास, आणि लोकांना बोलायला विषय."

वहिनींनी हे मला ओक ट्री रोडवर, भाजीच्या दुकानात सांगितलं. हातात मेथीची जुडी होती, तिची पानं त्या नकळत खुडत होत्या.

"लोकांना विषय म्हणजे काय हो? माझं काही चुकलं का? तुमच्याशी बोलल्या का आई काही?"

"नाही," मी म्हणालो.

"तीस वर्षांत असं तोडून नाही बोलल्या कधी. त्यांचं ऑपरेशन, आणि मी इथे बसू? मी तिकीट कॅन्सल केलं तर त्यांना वाटेल, बरं झालं. नाही केलं तर वाटेल, लोचटासारखी आली. तुम्हीच सांगा, काय करू?"

मी म्हणालो, रविवारी मी येतो तुमच्याकडे, मग बघू. गाडीत बसल्यावर मी हिशेब मांडला. आईच्या मनात वहिनी वाईट, वहिनींच्या मनात त्या स्वतःच वाईट, आणि दोघींच्या मनात मी चांगला. हे मी किती दिवस चालवणार होतो?

रविवारी सकाळी गेलो. दादा बाहेर फिरायला गेला होता. वहिनींनी पोहे केले होते. मी म्हटलं, आधी आईला फोन लावू या, तुम्ही इथे बसा. त्यांनी घाबरून माझ्याकडे बघितलं. पुण्यात संध्याकाळ होती. आई स्क्रीनवर आली, डोळ्यांवर उजेड सोसत नाही म्हणून घातलेला काळा चष्मा, मागे देवघरातला दिवा.

"दोघं एकदम? काय झालं? सगळे बरे आहेत ना?"

"बरे आहेत. आई, तुला मी काहीतरी सांगणार आहे, ते पुरतं ऐक. वहिनी, तुम्हीही."

पाणी प्यायलो.

"वहिनींना लग्न बघायला तू बंदी केलीस, असं वहिनींनी कधीच कुणाला सांगितलं नाही. ते मी लिहिलं. मीच, माझ्या हाताने. तू त्यांना बघ म्हणालीस ते मी ऐकलं होतं. तरी लिहिलं."

वहिनींना काही कळेना. "काय लिहिलंत?"

मी त्यांना ते वाक्य मराठीत सांगितलं, आणि लोक आईला काय काय म्हणाले त्यातलं थोडंसं. त्यांनी पोह्यांची ताटली बाजूला सरकवली.

"आईंबद्दल?" त्या एवढंच म्हणाल्या. मग स्क्रीनकडे वळल्या. "आई, मला हे माहीतच नव्हतं हो. देवाशपथ."

आईने चष्मा सारखा केला.

"कशाला लिहिलंस?" तिने विचारलं.

"लोकांनी बघावं म्हणून."

"आणि मी विचारलं तेव्हा?"

"तेव्हा घाबरलो."

"एवढा मोठा घोडा झालास," आई म्हणाली आणि थांबली. रागावली असती तर बरं वाटलं असतं. ती चष्मा काढून पदराने डोळे टिपायला लागली आणि वहिनी ओरडल्या, "आई, ऑपरेशन आहे तोंडावर, डोळ्याला हात नका लावू!"

मी खुर्चीवरून उठलो. बसून बोलणं बरोबर वाटत नव्हतं. आमच्या घरात कुणी कुणाची माफी मागत नाही. जास्त चपाती वाढतात, नाहीतर चहा करून देतात, आणि ते समजून घ्यायचं असतं. मला त्यातलं काही करायचं नव्हतं.

"आई, मी तुला जगासमोर वाईट ठरवलं आणि तू विचारलंस तेव्हा ते वहिनींवर जाऊ दिलं," मी म्हणालो. "वहिनी, खोलीत फक्त मी आहे असं समजून तुम्ही रडलात, ते मी न विचारता लोकांना दाखवलं. आणि दुकानात तुम्ही विचारलंत, माझं काय चुकलं, तेव्हाही खरं सांगितलं नाही. तुमचं काही चुकलं नाही. आईचंही नाही. माझं चुकलं. मला माफ करा, दोघींनी."