जवाई इलेव्हन

आमच्या गावच्या क्रिकेट क्लबात यंदा एकच माणूस उरला, आणि तो अध्यक्ष होता. अध्यक्ष म्हणजे मी.

मी चौथी नापास. पण क्लब मी काढला! बाभुळगावच्या रस्त्याला लागून पडीक जागा होती, तिथले काटे उपटून मैदान केलं, तेही मीच. तेव्हापासून दर उन्हाळ्यात शेजारच्या गावाशी आमचा एक सामना होतो. यंदा मात्र सरपंचानं (कालपरवापर्यंत नाक पुसत फिरायचा!) टपरीवर मला गाठलं.

"काका, पोट्टे येत नाईत तं मैदान कायले अडवून ठेवता? यंदा अकरा जण उतरले नाई, तं तिथं सभामंडप बांधतो."

मी चहाचा ग्लास आपटला. "अकरा? अरे, माह्या घरातून काढतो अकरा!"

सगळी टपरी हसली. आता माघार घेणं आपल्या रक्तात नाही. (डोक्यातही नाही, असं बायको म्हणते.)

आधी पोरांच्या दारी गेलो. एक म्हणे पोलीस भरतीची तयारी करून राह्यलो. दुसरा म्हणे पाठ दुखते. तिसऱ्यानं मोबाईलमधून मान वर न काढता सांगितलं, "आजोबा, मी घरी नाई." सगळा दोष मोबाईलचा, हे मी तिथंच ठरवून टाकलं.

मग डोक्यात उजेड पडला. महिना धोंड्याचा होता! अधिक महिन्यात जावयांना बोलावून धोंडे-अनारसे खाऊ घालायची आपली रीत. माझे चार जावई, धाकट्या भावाचे तीन. येत्या रविवारी साती जण आमच्याच ओसरीवर येणार होते. त्यात माझा मुलगा, भाऊ नामदेव, मोटारपंप दुरुस्त करणारा माझा जुना दोस्त रशीद आणि मी. झाले की अकरा!

"अवो," बायको म्हणाली, "धोंड्याच्या महिन्यात जवायाले उन्हात पयवता काय? लोक तोंडात शेण घालतील."

"सकाळी खेळवतो. ऊन चढाच्या आत जेवाले घरी."

रशीदनं तर कानालाच हात लावला. "दादा, जवाई लोगों की टीम? उनको बोलेगा कौन?"

तेव्हा मला त्याचा अर्थ कळला नाही. पहिल्याच ओव्हरला कळला.

आम्ही फिल्डिंगला उतरलो. थोरले जावई वणीचे, कोळशाच्या ट्रकांचे मालक. ते थेट लिंबाच्या सावलीत जाऊन उभे राहिले. चेंडू त्यांच्या पायाजवळून गेला. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. चेंडू पुढं गेला. आता सासऱ्यानं जावयाला 'पळा' कसं म्हणायचं?

"जवाईबापू, जमलं तं पाहा..." मी हात जोडून म्हणालो.

"पाहून राह्यलो ना, मामाजी!" आणि ते खरंच पाहत होते. सावली सरकली की तेही सरकत होते.

शेवटी साती जावयांचे चेंडू आणायला मी आणि नामदेव पळालो. मधेच बायकोनं मैदानात सरबत पाठवलं. जावई बसून सरबत प्याले, आणि तेवढ्यात समोरच्यांनी पळून पळून धावा काढल्या!

बरं, हे समोरचे तरी कोण? नीट पाहिलं तर पोलीस भरती तिकडून बॅटिंग करत होती! दुखरी पाठ चौकार मारत होती! आमच्याच गावची सात पोट्टी शेजारच्या गावाकडून खेळत होती, आणि त्यांचा कप्तान होता पप्प्या, म्हणजे तोच, जो घरी नव्हता.

"काहून रे हरामखोरा, मोबाईल कुठं हाय तुहा?"

"आईजवळ ठेवला, आजोबा. खेळताना खिशात टोचते."

मग आमची बॅटिंग. आमच्याकडं ज्याची बॅटिंग, त्याचाच अंपायर. म्हणजे मी. मानाप्रमाणं थोरले जावई आधी गेले. पहिलाच चेंडू, आणि मधला स्टंप कोलांटी खात मागं पडला!

साऱ्या मैदानानं माझ्याकडं पाहिलं. कडेला बायका उभ्या होत्या, त्यात माझी थोरली लेक.

"नो बॉल," मी म्हणालो.

पुढं झेल गेला. "सरबताचा पेला मधात आला, धरला जात नाई." मग ते खेळपट्टीच्या मधोमध रनआऊट झाले. मी म्हणालो, "माह्या डोयात धूळ गेलती."

पप्प्या हात जोडून आला. "आजोबा, धोंड्याचा महिना संपेपर्यंत वाट पाहू काय आमी?"

लोक खो-खो हसले. माझे कान तापले. मी बेइमान नाही हे दाखवायलाच हवं होतं. पुढच्याच षटकात धाकट्या जावयाच्या पॅडवर चेंडू लागला, आणि कोणी मागायच्या आत मी बोट वर केलं.

धाकटे जावई नवे. पहिलाच धोंडा. त्यांनी बॅट खाली ठेवली.

"थोरल्याले तीनदा माफी, अन मले एकदाबी नाई? चला वं, बॅग भरा!"

धाकटी लेक रडत घराकडं, धाकटे जावई एसटी स्टँडकडं. त्यांना समजवायला दुसरे जावई गेले, दुसऱ्यांना आणायला तिसरे. थोरले म्हणाले, "जेवण झालं असंन," आणि उरलेल्यांना घेऊन गेले. मैदानात आम्ही चार म्हातारे-पोक्त राहिलो. सरपंच पायानं सभामंडप मोजू लागला.

माझा सगळा राग पप्प्यावर निघाला. "गाव सोडून तिकडून कायले खेळता रे?"

तो हसला नाही. "तिकडं बॅटिंग भेटते, आजोबा. तुमच्या टीमात मी रोलर ओढला, पाणी आणलं. ओपनिंगले तुमी अन रशीदचाचा. अन तुमी आऊट कधी होतच नव्हते. अंपायर नामदेवआजोबा!"

मी नामदेवकडं पाहिलं. नामदेवनं रशीदकडं. रशीद आभाळात ढग शोधू लागला.

मला वाटलं, जमीन फाटावी. पण पप्प्याच म्हणाला, "मैदान जाऊ देत नाई. आमी सात जण तुमच्याकडून येतो, तुमी चार, झाले अकरा. तिकडं आमच्या जागी खेळाले त्यांचे पोट्टे बसले हाईत बाहेर. फक्त अंपायर आमचा. या, आधी तुमीच खेळून घ्या."

सरपंचानं मोजणी थांबवली. मी छाती काढून गेलो. पहिला चेंडू. मागं खाडकन आवाज आला.

पोरसवदा अंपायरनं बोट वर केलं. "आऊट, आजोबा."

"नो बॉल होता," मी म्हणालो, आणि बॅट टेकून तिथंच उभा राहिलो. पोरांनी थोडा वेळ वाट पाहिली. मोठ्या माणसाला हात धरून कसं काढायचं? शेवटी त्यांनी सगळे स्टंप उपटले, चार पावलं पलीकडं रोवले आणि सामना तिथं सुरू केला.

मैदान वाचलं. सामना तर असा रंगला की टपरीसुद्धा रिकामी झाली. मीही तो अगदी जवळून पाहिला. मैदानाच्या मधोमध, पॅड बांधून, एकटाच, नॉटआऊट!